ओंडक्याची खुर्ची

एक्स-रेकाका कुठल्याही खुर्चीवर बसण्याआधी ती उलटी करून पाहत. आमच्याकडे जेवायला आले तरीही. कुवेतमधल्या जाब्रियाच्या हॉस्पिटलात मी नर्स, ते एक्स-रे टेक्निशियन. हाडांचे फोटो काढण्यात आयुष्य गेलेलं. आतून पाहिल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही.

इथे आम्ही सगळे हलकं सामान घेतो, कारण नोकरी संपली की ते विकून निघायचं असतं. काकांनी मात्र दस्मान भागातून मायदेशी निघालेल्या एका नॉर्वेच्या इंजिनियरकडून अख्ख्या ओंडक्यातून कोरलेली जुनी खुर्ची घेतली. पाठीवर वेलबुट्टी, फिकटलेला निळा-तांबडा रंग, बैठकीखाली पोकळ. माझे यजमान म्हणाले, "काका, उखळात बसायची हौस का?"

काका हसले. "गाभा काढलाय म्हणून टिकली. भरीव ओंडका केव्हाच तडकला असता."

काकू जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पुढे कुणी थट्टा केली नाही.

इथल्या कोरड्या हवेत लाकूड फाटू नये म्हणून ते खुर्चीखाली पाण्याचं भांडं ठेवत आणि रोज भरत. ओला फडका मात्र लावू देत नसत. पाठीच्या कडांवर रंग झिजला होता, तिथे बोट ठेवून सांगत, "इथं माणसांचे हात लागलेत. जाणकार यासाठीच वेडे होतात. चकाकी काय, बाजारात मिळते."

आजारी पडले तेव्हा स्वतःची फिल्म त्यांनी स्वतःच वाचली. मग एकच काम मनावर घेतलं: खुर्ची तिच्या गावी पाठवायची. नॉर्वेतल्या एका संग्राहकाने फोटोतली नक्षी पाहून ती कुठल्या खोऱ्यातली हे ओळखलं होतं. तो न्यायला येणार होता. रत्नागिरीकडचं काकांचं घर भावांनी विकून टाकलं होतं. "माझं गाव गेलं, सिस्टर. हिचं आहे. ही तरी पोचू दे."

ते हॉस्पिटलात असतानाच दिवाळी आली. त्यांची मुलगी सई इथेच वाढलेली, आता वेगळी राहणारी. मराठीत विचारलं तरी उत्तर इंग्रजीत. पाहुणा येणार, बाबा खूश होतील, म्हणून सणाच्या आवराआवरीत तिने खुर्ची साबणाने धुतली, घासली आणि पॉलिश केली. संग्राहक आला, कडांवरून हात फिरवला, चहा घेतला. आता हे फक्त लाकूड आहे, असं हळू आवाजात सांगून खुर्ची न घेताच निघून गेला.

संध्याकाळी काकांनी विचारलं, "गेली का?"

मी सलाइन तपासत राहिले. सई उशाशी बसली आणि मराठीत म्हणाली, "गेली, बाबा. पोचेल आता."

काकांनी तिचा हात घेतला, नाकाशी नेला. पॉलिशचा वास धुऊनही लवकर जात नाही. हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. मग म्हणाले, "बरं झालं. तिकडे थंडी आहे. लाकडाला मानवेल."

त्याच आठवड्यात ते गेले. पार्थिव मुंबईपर्यंत नेलं. त्यापुढे न्यायला घर नव्हतं.

खुर्ची आता सबाह अल-सालेमला सईच्या फ्लॅटमध्ये आहे. कामावरून आली की ती आधी खालचं भांडं भरते, मग त्याच खुर्चीत बसते. उजव्या कडेवरचं पॉलिश जरासं उतरलं आहे.