खाडीत सोडलेला तुकडा

कोलशेतच्या बायजाला हेवा म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तो इतरांनी करायचा. बाप स्वतःच्या मिठागरात राबला, पण पुढं त्याच जमिनीवर टॉवर उठले आणि चार फ्लॅट तिच्या नावावर आले.

कोपरच्या शालनचा हेवा करण्यासारखं तर काहीच नव्हतं. शाळेतली शिपाई, विधवा, एका खोलीत एकटी. दोघींच्या छातीतली गाठ एकाच आठवड्यात काढली, केमोच्या खुर्च्या शेजारी लागल्या आणि ओकाऱ्या काढता काढता मैत्री जमली. म्हणूनच परवा शालनचा फोन आला.

"बायजाताई, आपल्या हॉस्पिटलात कॅन्सरच्या लशीची ट्रायल आहे. आजार परत येऊ नये म्हणून. आपण बसतो का त्यात, विचारून येऊ."

ट्रायलचं काम बघणाऱ्या मृणालनं दोघींना समोर बसवलं. वय बसलं, आजाराची स्टेज बसली. रक्ताचे रिपोर्ट तर बायजाचेच सरस निघाले. ती जरा ताठ बसली.

"आता ब्लॉक द्या. तुमच्या गाठीचा मेणात ठेवलेला तुकडा, ऑपरेशननंतर रिपोर्टबरोबर घरी दिलेला. त्यावरूनच तुमची लस बनते."

शालननं पिशवीतून स्टीलची डबी काढली. बायजा त्या डबीकडे बघत म्हणाली,

"मी खाडीन सोडला तो."

"काय?"

"नारली पुनवेला, नारलाबरोबर. पीडा घरान कशाला ठेवाची?"

मृणालनं कपाळाला हात लावला. "आणि तुमचा दुसरा ब्लॉक?"

"तुमच्याकं नसंल का?"

"सगळे तुम्हीच नेलेत, मावशी. ही बघा सही."

"लागंल तेवरं देते गो."

"ट्रायल फुकटच आहे. ब्लॉक मात्र हवाच."

बायजा शालनकडे वळली. "तू घरान ठेवलंस ता? भ्या नाय वाटला?"

"रिपोर्टच्या कागदांबरोबर ठेवला," शालन ओशाळून म्हणाली. "मी काही फेकतच नाही गं."

मृणाल समजावत होती. निम्म्या जणींना खरी लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी, कुणाला काय ते कळणार नाही. बायजानं मनातल्या मनात एकवीरेला साकडं घातलं: हिला पाणीच मिळू दे. ते तिचं तिलाच ऐकू आलं. तरी तिनं शब्द मागं घेतला नाही.

"हाकेला येणारं जवळचं माणूस?" मृणालनं विचारलं.

"ह्याच. लेक पुण्याला असते," शालननं बायजाकडे बोट केलं.

बायजानं नंबर सांगितला. शेवटचा आकडा मुद्दाम चुकवला.

"सात नव्हे, नऊ," शालन हसली. "केमोत रोज रडत फिरवलाय मी हा नंबर. पाठ आहे."

मृणालनं साताचा नऊ केला आणि जवळचं माणूस म्हणून सही करायला पेन बायजापुढे धरलं. बायजानं सही केली, एकेक अक्षर दाबून, खालच्या कागदावर उमटेपर्यंत.