खिडकीतून दिलेली पिशवी

आमच्या भागात बसमधली जागा दारातून मिळत नाही, खिडकीतून मिळते. बस फलाटाला लागायच्या आधीच माणसं तिच्यासोबत पळू लागतात आणि उघड्या खिडकीतून रुमाल, टोपी, डबा, जे हाताला येईल ते आत टाकतात. ज्याची वस्तू, त्याची जागा. आत कुणी आधीच बसलेलं दिसलं तर ओळख असो नसो, पिशवी त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, जागा धरा. तो माणूसही ती मांडीवर घेतो आणि आपण आत पोचेपर्यंत चार जणांशी भांडून आपली जागा राखतो. मी गोरेगाव नावाच्या खेड्यात राहते आणि शहरातल्या एका शाळेत शिकवते. अठरा वर्षं रोज जाऊन-येऊन करतेय. इतक्या वर्षांत किती अनोळखी मांड्यांवर माझी पिशवी बसली असेल, पण तिच्यातली सुईसुद्धा कधी हरवली नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण सांगायचं होतं तिथे मला ते धड सांगता आलं नाही.

त्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. दुपारच्या बसला नेहमीची झुंबड होती. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गर्दी वाढली, ती वाढणारच होती. गाड्या वाढवाव्यात हे मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. बस आली आणि तिसऱ्या खिडकीत मला ती दिसली. कनेरगाव नाक्याच्या अलीकडे रस्त्यापासून आत एक तांडा आहे, तिथली. पन्नाशीची असेल. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, डोक्यावरून घेतलेला पदर. आमची नुसती तोंडओळख होती. तिची लेक शहरातल्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि ही रोज डबा घेऊन येत होती, परतताना स्टँडच्या आधी दवाखान्यापाशीच बसमध्ये चढत होती, एवढं मला माहीत होतं. मी पिशवी वर केली. तिने ती आत ओढून घेतली आणि म्हणाली, "या बाई, धरून ठेवते."

मग मी दाराकडे वळले. दारात काय होतं ते तिथून रोज चढणाऱ्या बाईलाच ठाऊक. पुढून ढकलतात, मागून ढकलतात, बाजूने कोपरं लागतात. आपला एक हात दांडीला असतो आणि दुसऱ्या हाताने आपण अब्रू सांभाळत असतो. गळा सांभाळायला तिसरा हात नसतो. मानेला कुणीतरी नखाने ओरखडल्यासारखं वाटलं. आत आले, हात गळ्याकडे गेला, सोन्याची पोत नव्हती.

मी काय ओरडले ते आठवत नाही. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने गाडी स्टँडच्या बाहेर काढली आणि तडक ठाण्याच्या आवारात नेऊन लावली. ही आपल्याकडची पद्धत आहे. चोरी झाली की सगळी बस, सगळ्या माणसांसकट, ठाण्यात. मला तेव्हाही कळत होतं आणि आता तर लख्ख कळतं की यासारखा मूर्खपणा दुसरा नाही. पोत तोडणारी बाई बसमध्ये चढतच नाही. ती दारातल्या रेट्यात शिरते, काम करते आणि खाली उतरून गर्दीत मिसळते. फलाटावर पेरू विकणाऱ्या बाईलाही हे माहीत आहे. म्हणजे चोर स्टँडवर मोकळा आणि ज्यांचा काही संबंध नाही ती साठ माणसं ठाण्यात. याला आपल्याकडे तपास म्हणतात.

एक हवालदार बसमध्ये चढला. त्याने मला काही विचारलं नाही. दारात पाठीमागे कोण होतं, पोत कुठे तुटली, काही नाही. तो दोन्ही बाजूंच्या माणसांकडे बघत मागे चालत गेला आणि तिसऱ्या खिडकीपाशी थांबला. बांगड्या दिसल्या, तिथेच त्याचा तपास संपला.

"ही पिशवी कुणाची?" त्याने विचारलं.

"बाईची हाय," ती म्हणाली.

"कोण्या बाईची?"

"माझी आहे," मी म्हणाले.

एवढे दोन शब्द पुरले. बसमध्ये एकदम कुजबुज झाली, मागून कुणीतरी "घ्या" म्हणालं. मी लगेच पुढे बोलले, की मीच दिली होती, जागा धरायला. अगदी स्पष्ट बोलले. पण हवालदाराने तोवर तिचा दंड धरला होता आणि माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "तुमी साधी माणसं हाव, बाई. ह्या अशाच गोड बोलून इस्वास बसवतेत."

त्या बसमधला एकही माणूस असा नव्हता की ज्याने जन्मात कधी दुसऱ्याच्या मांडीवर पिशवी ठेवली नाही. त्याच बसमध्ये, त्याच वेळी, निम्म्या लोकांच्या मांडीवर दुसऱ्यांचं सामान होतं. एक जण बोलला नाही. बोलले ते हेच, "तिला उतरवा अन् गाडी सोडा, आमाला घरी जायचं हाय." आम्हा दोघींना उतरवून बस निघून गेली. तिचा रिकामा डबा सीटखालीच राहिला.

ठाण्यात बाई पोलीस नव्हती. ती दुसरीकडून यायला तासावर वेळ गेला. तोवर तांड्यावरची ती बाई भिंतीशी जमिनीवर बसून होती आणि मी खुर्चीवर. खुर्ची मला दिली होती, मी घेतली. ती दोनदा म्हणाली, "बाई, तुमी सांगा ना ह्यांला. म्या तर आधीच आत बसले व्हते." मी म्हटलं, सांगते. मग मागच्या खोलीत तिची झडती झाली. काही सापडलं नाही. सापडणार काय होतं? पण काही सापडलं नाही म्हणून सोडून द्यावं, अशी तिथे रीत नाही. तिला भिंतीला उभं करून मोबाइलवर तिचे फोटो काढले, एक समोरून, एक बाजूने. डोक्यावरचा पदर खाली घ्यायला लावला.

माझा जबाब लिहिला गेला. मी बोलत होते आणि लिहिणारा त्याच्या भाषेत लिहीत होता. मी म्हणाले, बस लागली तेव्हा ती आत होती आणि मी खिडकीतून पिशवी तिच्याकडे दिली. त्याने लिहिलं, संशयित महिलेच्या मांडीवर फिर्यादीची पिशवी मिळून आली. यात खोटं काय आहे? मांडी तिची होती, पिशवी माझी होती. मी ते वाचलं. अठरा वर्षं पोरांच्या वह्या तपासणारी बाई मी, स्वल्पविराम चुकला तरी लाल पेन काढते. मला दिसत होतं की या कागदात माझी खिडकीच नाही. पण सहा वाजत आले होते, गोरेगावची शेवटची जीप जायची वेळ झाली होती. मी सही केली. मी माझ्यावर जितकी चिडले आहे तितकी त्या हवालदारावरही नाही, आणि त्याच्यावर मी काही थोडी चिडलेली नाही.

तिचा नवरा तिला न्यायला आला तेव्हा अंधार पडला होता, हे मला नंतर कळलं. मी तेव्हा जीपमध्ये होते.

दहा-बारा दिवसांनी स्टँडवर समारंभ झाला. महिला प्रवाशांच्या सुरक्षेसाठी मदत केंद्र. फीत कापली, नारळ फोडला, भाषणं झाली, पेढे वाटले. निळ्या रंगाची एक टपरी, आत टेबल, वर पाटी. दुसऱ्या दिवसापासून तिला कुलूप आहे. टपरीच्या बाहेर एक फलक लावला, त्यावर मोठ्या अक्षरांत, महिला प्रवाशांनो सावधान, अशा महिलांपासून दागिने सांभाळा. खाली चार फोटो. तिसरा तिचा, पदर खाली घेतलेला.

मी तिथेच उभी राहिले आणि माझी बस माझ्यासमोरून निघून गेली. मग ठाण्यात गेले. म्हटलं, ही बाई निर्दोष आहे, हा फोटो काढा. ते म्हणाले, फिर्याद तुमचीच आहे. म्हटलं, मग जबाब दुरुस्त करा. ते म्हणाले, सही तुमचीच आहे, आता बदलाल तर खोटी फिर्याद दिली म्हणून तुमच्यावरच येईल. म्हटलं, फलाटावर कॅमेरा आहे, त्यात बघा, मी खिडकीतून पिशवी देताना दिसेन. तेव्हा तिथला साहेब पहिल्यांदा हसला. "म्याडम, कॅमेरा हाय, पण त्याची वायर अजून जोडलेली न्हाई."

म्हणजे चोराला बघायला डोळा नाही, आणि निरपराध बाईचा फोटो मात्र रंगीत. मी तीन वेळा गेले. तिसऱ्या वेळी मला खुर्चीही मिळाली नाही, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच मला थोडं बरं वाटलं.

त्या फलकाखाली पुढच्या महिन्याभरात आणखी दोघींची पोत गेली. त्याच दारात, तशाच रेट्यात. दारापाशी एक पोलीस नुसता उभा केला असता, एक रांग लावली असती, तर काम झालं असतं. रांग लावायला फीत कापावी लागत नाही, म्हणून ती लागत नसावी. दुसऱ्या चोरीनंतर मी भर दुपारी, लोकांसमोर, तो फोटो नखांनी खरवडून काढला. कुणी अडवलं नाही. आठवड्याने नवा फलक आला, आधीच्यापेक्षा मोठा, वर काच लावलेली.

तिला मी रोज शोधत होते. ती दिसली ती थेट दिवाळीनंतर. दुपारची बस, आणि त्या दिवशी कसं कोण जाणे, अर्धी रिकामी. ती सगळ्यांच्या शेवटी चढली. माझ्या शेजारची जागा मोकळी होती, पुढच्या तीन सीटवर कुणी नव्हतं. ती बसली नाही. मधल्या वाटेत उभी राहिली आणि तिने दोन्ही हात वर करून छताची दांडी धरली. बांगड्या घसरून कोपराशी आल्या.

मी उठून तिच्याजवळ गेले. माफी कशी मागायची याची मी मनात कितीतरी उजळणी केली होती, पण तोंडातून आलं ते एवढंच, "मावशी, बसा ना. जागा आहे."

"नको बाई."

"कनेरगाव लांब आहे. तुम्ही अशा उभ्या काहून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तांड्यावरच्या दुसऱ्या बायाही आता अशाच उभ्या राहतात, असं ती म्हणाली. जागा असली तरी.

"बसलं की हात मांडीवर येतेत, बाई," ती म्हणाली. "मंग लोक हाताकडंच बघून राहतेत. वर असले म्हंजी दिसतेत सगळ्यायला."

बस सुटायला आली होती. खाली फलाटावर एक पोरगी धावत आली. तिने सवयीने खिडकीतून पुस्तकांची पिशवी आत धरली आणि उभ्या असलेल्या मावशीकडे बघून म्हणाली, "मावशी, जागा धरता का?"

मावशीने पिशवीकडे पाहिलं. दांडीवरचे हात तिने आणखी घट्ट केले आणि मान फिरवून दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.