बिनबॅटरीच्या मॉरिसचा हॉर्न

आधीच सांगतो, मी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट, तोही डिस्टिंक्शनमध्ये. भुताखेताच्या गप्पा सुरू झाल्या की मी पाणी प्यायला उठतो, आणि या सदरातले अनुभव आजवर हसायलाच वाचत आलो. तरी हे लिहितोय, कारण जे झालं ते सकाळी दहा वाजता, लख्ख उजेडात, चार माणसांच्या देखत झालं...

म्हैसूरला नोकरीसाठी येऊन मला आठ वर्षं झाली. दर रविवारी मी आणि माझा दोस्त मंजू स्कूटरवरून जुन्या गाड्या हुडकत फिरतो. मंजूचं घराणं चार पिढ्या इथलं — घरी मराठी बोलतात, पण त्या मराठीत निम्मी कन्नड. आमचा एक नियम आहे. गाडी दिसली की मॉडेल आणि साल मोठ्यांदा सांगायचं. चुकलं, तर मालकाला विचारून ती गाडी धुवायची. मी आजवर दोनच धुतल्यात. मंजूच्या मोजत नाही आम्ही.

तर मागच्या महिन्यात मंजू मला मंडी मोहल्ल्यामागच्या एका गल्लीत, त्याच्या शाळेतल्या गणिताच्या टीचरांकडे घेऊन गेला. टीचर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पाठ फूटपट्टीसारखी. परसात पत्र्याच्या शेडखाली त्यांच्या दिवंगत यजमानांची चार दारांची मॉरिस मायनर!

"आज बंगळूरचा एक जण बघायला येणार की रे," टीचर म्हणाल्या. "पसंत पडली तर घेऊन जाईल."

माझे वडील, अण्णा, मिरजेला एका डॉक्टरांची अशीच मॉरिस चालवायचे. बावीस वर्षं. मागच्या सीटवर एकदाही बसले नाहीत. त्यांना अशा गाडीत मागे बसवायचं, हे मी पहिल्या पगारापासून ठरवलेलं. आणि गाडी समोर असताना ती दुसराच नेणार!

छाप पाडावी म्हणून पुढची आडव्या पट्ट्यांची जाळी बघून मी ठणकावलं, "पंचावन्नचं मॉडेल!"

पॉंऽऽ!

"मंज्या, हॉर्नवरून हात काढ."

"अय्यो माने सार, माझे दोन्ही हात कॉफीत की!" खरंच, मंजू माझ्या मागे दोन टंबलर धरून उभा होता.

"बावन्नची आहे," टीचर म्हणाल्या. "ह्यांनी चामुंडीच्या घाटात झाडाला ठोकली, तेव्हा जाळी बदलली. आणि तो हॉर्न होय? खोटं बोललं की वाजतो तो."

"खोटं नाही हो टीचर, चुकलं फक्त."

"पेपरात दोन्हीला शून्यच."

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या जागी नारळाच्या करवंट्या. हॉर्न मुळात नव्हताच — दोन वायरी, टोकं उघडी, कशालाच न जोडलेल्या. मी हसलो. "स्टॅटिक चार्ज, टीचर. हे मला चांगलं समजतं."

पॉंऽऽ!

मंजूने निमूटपणे माझ्या हातात बादली दिली. नियम म्हणजे नियम.

मी चाकं घासत असतानाच बंगळूरवाला आला. गॉगल, सेंट वगैरे. टीचरांसमोर हात जोडून इंग्लिशमध्ये म्हणाला, "आजी, काळजी नको. गाडी जशीच्या तशी जपेन, अगदी लेकरासारखी."

हॉर्न इतका लांब वाजला की शेजारच्यांनी खिडकी उघडली. तो दोन पावलं मागे सरला.

"नक्की काय करणार?" टीचरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

त्याने घाम पुसला. "पुढचा अर्धा भाग कापून... हॉटेलात सोफा करणार."

गाडी गप्प.

"तुम्ही या आता," टीचर म्हणाल्या. तो गेला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुला पाहिजे होय रे माने? तोंडावर लिहिलंय. कशाला?"

आयुष्यात मी तोंडी परीक्षेला घाबरलो नाही. तिथे मात्र एकेक शब्द चाचपून टाकला. "माझे वडील अशा गाडीवर ड्रायव्हर होते. त्यांना मागे बसवायचंय."

हॉर्न वाजला नाही.

"चालू करशील?"

'महिन्याभरात' हे ओठांवर आलं होतं. गिळलं. "माहीत नाही, टीचर."

"इंजिनिअर ना तू?"

"आहे. पण कार्बोरेटर मी फक्त परीक्षेत काढलाय. पेन्सिलने."

हॉर्न याही वेळी गप्प. टीचरांनी कमरेची किल्ली काढून माझ्या ओल्या हातावर ठेवली.

टोचन लावून गाडी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणली. पंधरा दिवसांनी अण्णा आले. हॉर्नचं त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी मागचं दार उघडून धरलं. अण्णा चपला काढून आत बसले, सीटच्या अगदी कडेला, हात गुडघ्यांवर.

"कसं वाटतंय अण्णा?"

"लई झ्याक. राजावाणी."

पॉंऽऽ!

मी खाली बघितलं. अण्णांनी मात्र ना बॅटरी विचारली, ना वायर. उतरले, चपला घातल्या आणि म्हणाले, "तू बस मागं." स्वतः पुढे बसले. आरसा नीट केला, क्लच दाबून बघितला, गिअरवर हात ठेवला. पाठ एकदम सैल झाली त्यांची. मग आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "बोला सायेब, कुठं जायाचं?"

बंद गाडीत आम्ही पाऊण तास हिंडलो. मिरजेतल्या सगळ्या गल्ल्या झाल्या. हॉर्न एकदाही वाजला नाही.

तो कशावर वाजतो, कोण वाजवतं... मला माहीत नाही. मंजूला नाही, टीचरांनाही नाही. मल्टीमीटर लावला, काटा जागचा हलत नाही. कुणाला येऊन तपासायचं असेल तर जरूर या. फक्त गाडीजवळ आपलं वय आणि मायलेज सांगू नका — शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केली आहे.