बेस हॉलमध्ये पोचतोय का

माझा धाकटा भाऊ, म्हणजे तुझ्या आईचा मामा, कानाने संशयी आहे. डोळ्यांनी नाही हो. समोरच्या ताटातली पोळी कोणी उचलून नेली तरी त्याला पत्ता लागायचा नाही. पण आमच्या घरात आला की चपला काढता काढताच म्हणणार, ताई, तुझा फ्रिज कण्हतोय. मी म्हणायचे, तू आलास म्हणून कण्हतोय. पण महिनाभरात फ्रिज बसला तो बसलाच.

जन्मभर साउंडचं काम केलं त्याने. आधी हॉलमध्ये, मग रेकॉर्डिंगच्या बंद खोलीत. मला वाटायचं, बटणं वर-खाली करायला कसला एवढा पगार देतात. तर म्हणाला, ताई, माझं काम म्हणजे चोर पकडणं. गाणं छान चाललेलं असतं, त्यात कुठेतरी बारीक घूं असते, खर्र असते, ती कुठून येते ते शोधायचं. आता मला सांग, इतकी वर्षं चोरच शोधत बसलेल्या माणसाला दुसरं काय दिसणार? कोणी म्हणालं की कार्यक्रम छान झाला, तर घरी येऊन म्हणायचा, छान म्हणताना त्यांचा आवाज पडला होता.

त्याच्याआधी, तरुणपणी, तो एका बँडमध्ये बेस वाजवायचा. ती चार जाड तारांची गिटार असते ना, ती. मग लग्न झालं, पोरं झाली, बेस गेला कपाटावर. नोकरी सुटली तेव्हा खाली उतरला. आणि नेमका तेव्हाच त्याच्या जुन्या बँडचा गायक दारात हजर. त्याला सगळे मफलर म्हणतात, कारण घसा जपायला तो भर उन्हातही मफलर गुंडाळून फिरतो. त्यांचा बेसवाला मुलाकडे राहायला गेला होता, तर म्हणे, तू ये.

भाऊ माझ्याकडे आला तो तोंड पाडूनच. एवढी तरणीताठी पोरं वाजवतायत, मलाच का बोलावलं? मी आपलं बोलून गेले, तुझे स्पीकर चांगले आहेत ना, म्हणून. झालं. पहिले काही दिवस त्याने तालमीला स्पीकरच नेले नाहीत. तरी त्यांनी बोलावलं, तर म्हणतो, आता नवीन काय पाहिजे यांना?

दोन कार्यक्रम झाले. लोकांनी टाळ्या दिल्या. तो मात्र माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला. चहा गार झाला तरी कप हातातच. म्हटलं, काय झालं?

मग त्याने सांगितलं. वाजवणारा कच्चा असला आणि त्याला काढताही येत नसलं, म्हणजे कोणाचा मेहुणा असतो, जुना मित्र असतो, तर साउंडवाले काय करतात, की त्याच्या पायाशी जो छोटा स्पीकर असतो, मॉनिटर म्हणतात त्याला, त्यात त्याचा आवाज भरपूर सोडतात. आणि हॉलच्या मोठ्या स्पीकरमधून काढून टाकतात. तो बिचारा डोळे मिटून घाम गाळत वाजवतो, आणि ऐकतो कोण? तो एकटा. भावाने स्वतः किती जणांना असं वाजवत ठेवलंय, आणि जेवताना आम्हाला सांगून हसवलंय. आता बँडच्या मिक्सरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या त्या बटणांपाशी, बसते ती मुलगी त्याच्याच हाताखाली शिकलेली.

मी म्हटलं, मग तिलाच विचार की.

"विचारून काय उपयोग, ताई? वाजवणाऱ्याला कधी सांगायचं नाही, हेही तिला मीच शिकवलंय."

त्याच्या बायकोला विचारावं, तर ती म्हणते, ऐकू येतं हो छान. पण तो संध्याकाळचा घराबाहेर पडतो म्हणून ती इतकी सुखात आहे, की मुका बेससुद्धा तिला ऐकू आला असता. हे तिनेच मला सांगितलं, वन्सं, यांना सांगू नका म्हणून.

शेवटी काम माझ्यावर आलं. म्हणाला, तू मागे बसून ऐक आणि खरं सांग. जुना मित्र म्हणून सांभाळून घेत असतील तर मी आजच सोडतो. आयुष्यभर दुसऱ्यांचं ऐकलं, मला निदान फसवून वाजवायला लावू नका. मी म्हटलं, अरे, मला कुठे कळतंय त्यातलं. तर म्हणाला, पुढच्या खुर्चीच्या पाठीला तळहात लाव. ड्रमचा दणका येतो आणि जातो. बेस जात नाही. मांडीवर मांजर घुरघुरतं तसं हाताला लागलं, तर तो मी.

गेले मी. शेवटून दुसऱ्या रांगेत बसले. गाणं सुरू झालं, हात पुढे केला, तर पुढचे जाडजूड गृहस्थ मागे वळून माझ्याकडे बघायला लागले. त्यांना वाटलं म्हातारी पाठ चाचपतेय. उठून दुसरी खुर्ची धरली. हाताला घुरघुर लागत होती, नाही असं नाही. पण ती भावाची कशावरून? भिंतीतला एसीसुद्धा घुरघुरत होता. त्याला काय सांगू, हो म्हणू की नाही, हेच डोक्यात. ती मुलगी मिक्सरवर खाली मान घालून बसली होती. मला तर तिच्या मानेचाही संशय यायला लागला.

आणि मध्येच भावाने वाजवणं थांबवलं. मला काही बोलला नव्हता याबद्दल. तारांवरून हात उचलला आणि समोर बघत उभा राहिला. इकडे माझ्या तळहाताखालची खुर्ची एकदम निपचित पडली. ड्रमवाल्याने मान वळवली. मफलर शब्द चुकला. पुढच्या रांगेत लोकांचे पाय हलत होते ते थांबले. आणि ती मुलगी, नवीन वायर हातात घेऊन, वाकून वाकून स्टेजकडे धावली. म्हणजे ती ऐकत होती. तिला वाटलं वायर गेली. तिने वायर बदलली, भावाने मुकाट्याने पुढे वाजवलं.

मध्यंतरात मी आणि पुढच्या रांगेत बसलेली भावजय स्टेजमागच्या खोलीत गेलो. भाऊ आणि मफलर तिथेच बसले होते. ती मुलगी जुनी वायर तपासून घेऊन आली.

"सर, वायर चांगली आहे."

भाऊ छताकडे बघायला लागला.

"मला तपासत होता ना तुम्ही? मग ऐका. मागच्या दोन कार्यक्रमांत हॉलमध्ये तुम्ही नव्हताच. मी काढलं होतं. बोटं मागे पडत होती तुमची. आज पडत नाहीत, म्हणून ठेवलंय."

मफलर आपल्या मफलरची गाठ सोडवत बसला, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. मला वाटलं, आता हा बेस पेटीत ठेवणार आणि आम्हाला घेऊन घरी जाणार. भावजयीने तर पर्स उचललीही.

तो म्हणाला, "कुठल्या गाण्यात मागे पडत होतो?"

तिने सांगितलं. त्याने बोटं हवेत वाजवून बघितली आणि म्हणाला, हो, पडतो तिथे. एवढंच. राग नाही, आभार नाहीत. नुसतं विचारलं, आज खरंच ठेवलंयस? ती म्हणाली, सर, तुम्हीच थांबून बघितलंत ना. तरी त्याचा चेहरा काही पूर्ण खुलला नाही. मी ओळखते त्याला.

दुसरा भाग सुरू व्हायच्या आधी तो स्टेजवर गेला, पायाशी असलेला मॉनिटर बुटाने ढकलला आणि त्याचं तोंड बाजूच्या पडद्याकडे फिरवून टाकलं. म्हणजे आता स्वतःचा बेस त्याला ऐकू येणार तो हॉल जेवढा परत देईल तेवढाच. तिने काढला, तर तत्क्षणी कळणार. मुलीने लांबून बघितलं आणि मान हलवली. मग गाणं सुरू झालं. तो मान वाकडी करून, आमच्या डोक्यांवरून थेट मागच्या भिंतीकडे कान लावून वाजवत उभा राहिला.