इग्वानानं अंग धरलं

जनावर दारात आलं की आधी त्याच्या मांड्यांकडे बघायचं, ही माझी तीस-बत्तीस वर्षांची खोड. सरकारी दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. लस टोचायची, कृत्रिम रेतनानं गाई भरवायच्या, अडलेल्या वासराला हात घालायचा, ही माझी कामं. डॉक्टर नव्हतो. पण पुणतांब्यात आणि आसपासच्या वस्त्यांवर सगळे मला डॉक्टरच म्हणायचे आणि ते दुरुस्त करायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. गाय विकत घ्यायची तर लोक मला बरोबर न्यायचे. मी नुसता एक फेरा मारायचो आणि सांगायचो, घे किंवा सोड. निवृत्त झाल्यावरसुद्धा नेत होते. नजर काही पेन्शनीत निघत नाही, असं मीच म्हणायचो.

मुलगी पुण्यात नोकरीला. कंपनीनं तिला सात महिन्यांसाठी बंगळूरला पाठवलं, तेव्हा तिनं पाळलेला इग्वाना ती आमच्याकडे घेऊन आली. हिरवागार, शेपटीसकट हातभर लांब, गळ्याखाली लोंबती कातडी, वय वर्ष-सव्वा वर्ष. पिंजरा उघडल्या उघडल्या आमची ही ओरडली, "अगं बाई, घोरपड हाय ही!" मग मुलीनं तिला समजावलं की हा परदेशातला, झाडपाला खाणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नोंदणीचे कागदही दाखवले.

जाताना तिनं मला एक लिहिलेलं पान दिलं. काय खायला द्यायचं, काय नाही. पाल्यावर रोज चिमूटभर कॅल्शियमची पावडर. रोज ऊन. आणि पिंजऱ्यावर बसवलेली ती खास ट्यूब दिवसभर चालू. मी ते पान वाचलं आणि म्हणालो, "मला शिकवतेस व्हय गं?"

ती हसली. "तुमच्याकडे ठेवतेय म्हणून तर मी निवांत जातेय, पप्पा."

पहिले आठ दिवस पिंजरा अंगणात ठेवला. झाली की जत्रा. येणारा-जाणारा थांबायचा. शेजारचा एक गडी तर रोज विचारायचा, "डॉक्टर, घोरपड पाळली व्हय? फॉरेस्टवाले न्हेतील बरं का उचलून!" त्यात एक बोका पिंजऱ्याभोवती घिरट्या घालायला लागला. मी वैतागलो आणि पिंजरा उचलून पुढच्या खोलीत खिडकीशी ठेवला. मोठी खिडकी, पूर्वेची. काच लावून घेतली की बोका नाही, माणसं नाहीत आणि दुपारपर्यंत पिंजऱ्यात लख्ख ऊन. इग्वाना त्या उन्हात डोळे मिटून पडायचा. मला वाटायचं, याच्यासारखा सुखी जीव गावात नाही.

ट्यूब मी दुसऱ्याच महिन्यात बंद केली. एक तर आमच्याकडची लाईट कधी असते, कधी नसते. आणि दुसरं म्हणजे नगर जिल्ह्यात उन्हाला काय तोटा? पुण्यातल्या फ्लॅटमध्ये ऊन येत नसेल, तिथं ठीक आहे. खाण्याचंही तसंच. तिनं शेवग्याचा पाला लिहिला होता, जनावरांना घालतात तो लसूणघास लिहिला होता. पण हा पालकावर तुटून पडायचा. पालक आणि काकडी दिली की पाच मिनिटांत फडशा. मग तेच दिलं. पावडर टाकली की तोंड फिरवायचा, म्हणून पावडर सोडली. पोटभर खाणाऱ्या जनावराला पावडरी लागत नाहीत, हे मी गाववाल्यांना आयुष्यभर सांगत आलो होतो. ते गाईंच्या बाबतीतही पुरतं खरं नव्हतं, पण सांगत होतो.

चौथ्या महिन्यात त्याच्या मागच्या मांड्या भरल्या. अशा गोल, घट्ट, की बघत राहावं. मी खूश. व्हिडिओ कॉलवर त्याला दोन्ही हातांनी वर धरला आणि मुलीला दाखवला. "बघ, कसं अंग धरलंय तुझ्या पोरानं!" ती तिकडून टाळ्या वाजवायला लागली. म्हणाली, माझ्याकडे एवढा कधीच भरला नव्हता.

बायको बाजूला भाजी निवडत बसली होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "अहो, मला ती सूज वाटती. कडक लागती मांडी. पुढचे पाय बघा कसे काड्यांवानी हायेत."

मी म्हणालो, "तू भाजी निवड."

हे असंच म्हणालो. एक अक्षर कमी-जास्त नाही.

नंतर तो वरच्या फांदीवर चढायचा थांबला. मी म्हटलं, थंडी आहे. पोट जमिनीला घासत चालायला लागला. मी म्हटलं, वजन वाढलंय. मग काकडीची फोड त्याच्या तोंडातून निसटायला लागली. मी बारीक किसून दिली आणि बायकोला म्हणालो, लाडावलाय. जनावर मुकं असतं म्हणून आपण हळहळतो, पण ते जीव तोडून सांगत असतं. ऐकणाराच मुका असला तर त्यानं काय करावं?

सहावा महिना संपत आला होता. एका सकाळी पाला ठेवायला गेलो तर त्याच्या मागच्या पायांची बोटं थरथरत होती. सगळी नाही, दोन-तीनच. थांबायची, पुन्हा थरथरायची. मी पिंजऱ्यापुढे वाकलो. ती थरथर मला पाठ होती. व्यायलेली गाय कॅल्शियम उतरून आडवी पडायच्या आधी तिचं अंग असंच लहरतं. शेकडो गाई मी अशा पाहिल्या होत्या. शिरेतून बाटली चढवायची आणि अर्ध्या तासात गाय उठून वैरणीला तोंड लावायची. लोक माझ्या पाया पडायचे. मी बोटानं त्याचा खालचा जबडा हळूच दाबला. तो वाकला. हाडानं वाकायचं नसतं.

कपाटात जुनी सिरिंज होती, बाटलीही मिळाली असती. हात शिवशिवले. पण हेच औषध घाईनं दिलं तर गाईचं काळीज बंद पडतं, हेही मला माहीत होतं आणि या एवढ्याशा जिवाची शीर कुठं असते हे माहीत नव्हतं. कोपरगावला, श्रीरामपूरला ओळखीचे तीन डॉक्टर आहेत. अर्ध्या-पाऊण तासाची वाट. त्यांच्याकडे गेलो नाही. ते मला ओळखतात, म्हणून गेलो नाही. पुतण्याची गाडी काढायला लावली आणि थेट नगरला गेलो. तिथं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवणारी एक तरुण डॉक्टर असे प्राणीही बघते, असं कुणीतरी सांगितलं होतं. अडीच तास लागले. इग्वानाचं खोकं माझ्या मांडीवर होतं. दर खड्ड्याला आत काहीतरी सरकायचं आणि मी पुतण्याला हळू, हळू म्हणत होतो.

डॉक्टरीणबाईंनी त्याला हाताच्या तळव्यावर अलगद घेतलं. मांड्या चाचपल्या. "काका, हे मांस नाही. हाड आतून विरघळतं तेव्हा शरीर त्यावर असं जाड अस्तर चढवतं. वरून तब्येत सुधारल्यासारखी दिसते." मग एक्स-रे काढला. उजेडावर धरला, तर हाडं आणि मांस यांत फरकच दिसत नव्हता. सगळं धुरकट. पाठीचा कणा एके ठिकाणी मोडलेला. मागचे पाय त्यांनी चिमटीत दाबले, त्यानं ओढून घेतले नाहीत.

"कणा आज मोडला की आधी, सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "ऊन देत होतात?"

"रोज. खिडकीतून."

"काच उघडून?"

त्यांनी समजावून सांगितलं. उन्हातला जो भाग यांच्या अंगात हाडं धरायला लागतो, तो काचेतून येत नाही. नुसती ऊब येते. ती ट्यूब त्याच्यासाठी असते. आणि रोजचा पालक पोटातलं उरलंसुरलं कॅल्शियमही बांधून टाकतो. माझ्या सगळ्या नोकरीत जनावर आणि ऊन यांच्यामध्ये काच कधी आलीच नव्हती. हे कारण झालं, सबब नाही. पानावर सगळं लिहिलेलं होतं.

"घरात जनावरांची माहिती असलेलं कुणी नव्हतं का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, साधा प्रश्न होता.

"नाही," मी म्हणालो. "शेतकरी माणसं आम्ही."

त्या म्हणाल्या, हा आता उभा राहणार नाही. लघवीही तुंबलीय, दुखत असणार. इंजेक्शन देऊन सोडवलेलं बरं, पण मालकाला विचारायला लागेल. मी मुलीला फोन लावला. डॉक्टरीणबाईंना बोलता यावं म्हणून स्पीकर चालू केला. त्यांनी सगळं नीट, हळू आवाजात सांगितलं. मुलगी बराच वेळ नुसती रडत होती.

मग म्हणाली, "मॅडम, माझे पप्पा जनावरांचे डॉक्टर आहेत. आयुष्य गेलंय त्यांचं यात. ते म्हणतील तसं करा."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं.

"पप्पा, तुम्हाला काय वाटतं?"

"त्रासात नको ठेवायला," मी म्हणालो. माझा आवाज कसाबसा निघाला.

"बरं. तुम्ही रडू नका, पप्पा. तुमच्याकडे होता म्हणून सहा महिने तरी सुखात राहिला. माझ्याकडे असता तर आधीच गेला असता."

फोन टेबलावर होता. डॉक्टरीणबाई सिरिंज हातात घेऊन थांबल्या होत्या. मी बोलावं म्हणून थांबल्या होत्या, हे कळायला मला डोळे वर करायची गरज नव्हती. ट्यूब, पावडर, काच, तीन शब्द होते. तिला दुखलं असतं, माझ्यावर चिडली असती, पण खरं काय ते तिला कळलं असतं.

"हो, बाळा," मी म्हणालो, आणि फोन बंद केला.

डॉक्टरीणबाईंनी आधी गुंगीचं औषध भरलं. मी पुढे झालो. एक हात खांद्यांमागे, एक कमरेखाली, अंग टेबलाला टेकलेलं, श्वासाला जागा मोकळी. इंजेक्शनसाठी जनावर कसं धरायचं, हे त्यांना मला सांगावं लागलं नाही.