स्कूटरच्या काळ्या पट्ट्या

माझ्या स्कूटरचे कागद दर पाच वर्षांनी नवे करून घ्यावे लागतात. गाडी जुनी, त्यामुळे आरटीओत नेऊन दाखवायची, तिथला साहेब पुढून-मागून बघणार, मग पास. मी सरकारी नर्स होते. अड्याळच्या आसपासच्या गावांतल्या लसी, बाळंतपणं, रक्ताच्या तपासण्या, सगळं याच स्कूटरवर फिरून केलं. निवृत्त झाले तरी तिला सोडलं नाही. लोक म्हणतात, बाई, भंगारात द्या आता. मी म्हणते, "तुमच्या आंगणात ठेवली का? नाही नं? मंग गप बसा." तोंडाची मी अशीच आहे, सगळ्या भंडाऱ्याला ठाऊक आहे.

आमचे मिस्टर पितळेच्या कारखान्यात होते. भांडं ठोकून तयार झालं की ते यांच्या हातात यायचं. घासून, पुसून, चेहरा दिसेल असं चकचकीत करायचं, हे यांचं काम. मिसरूड फुटायच्या आधीपासून हेच केलं. दीड वर्षापूर्वी मालकानं कारखाना बंद केला. पितळेचे गुंड, म्हणजे पाणी भरायचे हंडे, आता लग्नात द्यायलाही कोणी घेत नाही. त्या दिवसापासून मिस्टर खाटेवर बसले ते बसलेच. आंघोळ दुपारी, जेवण दिलं तर, चौकात जाणं बंद. विचारलं की "हव" नाहीतर "नाही". मी बीपी बघितलं, रक्त तपासलं, सगळं ठीक. माझ्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले, औषध नको, यांच्या हातांना काहीतरी काम द्या, नाहीतर हा माणूस असाच आतल्या आत संपेल. मी अशी माणसं गावोगावी पाहिलेली आहेत. मला खरंच भीती वाटायला लागली होती.

तेवढ्यात स्कूटरच्या पासिंगचं निघालं. मी मेकॅनिककडून ब्रेक आवळून आणले, हॉर्न दुरुस्त केला. गाडी आंगणात लावली तर खाटेवरून आवाज आला.

"पट्ट्या पांढऱ्या पडल्या पाह्य तिच्या. अशी नेशीन का साहेबासमोर? मी चमकवून देतो."

पाय ठेवायच्या जागेवर ॲल्युमिनियमच्या लांब पट्ट्या असतात, आणि समोरच्या पत्र्याच्या कडेलाही एक वळवलेली पट्टी असते. सगळ्या राखाडी, डागाळलेल्या. आता मला पक्कं ठाऊक होतं की साहेब ब्रेक बघतो, लाईट बघतो, चेसिसचा नंबर बघतो. पट्ट्यांकडे कुत्रंही बघत नाही. पण महिन्याभरात हा माणूस पहिल्यांदा आपण होऊन काही बोलला होता. मी तोंडातून अक्षर काढलं नाही. माझ्यासाठी हे किती अवघड आहे ते मलाच माहीत.

दुसऱ्या दिवशी यांनी पाना मागितला. एकेक नट सोडवून पट्ट्या काढल्या, पोत्यावर ओळीनं मांडल्या, कुठली कुठे बसते ते खडूनं लिहून ठेवलं. मी चहा ठेवला तर गार होईपर्यंत लक्ष नाही. मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की मी बिनधास्त बाजारात निघून गेले. तिथेच चुकलं.

परत आले तर आंगणात चूल पेटलेली, घमेल्यात पाणी उकळतंय, त्यात धुण्याचा सोडा आणि चुलीतली राख, आणि त्या पाण्यात माझ्या पट्ट्या. बाजूला चिंच भिजत घातलेली. घमेल्यातून फसफस फेस येत होता. मिस्टर खूश. "पाह्य, कसा मळ सुटून राहिला!"

चिमट्यानं एक पट्टी उचलली. तव्यासारखी काळीकुट्ट.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. माझ्या माहेरी सगळी भांडी जर्मनची. जर्मनच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, कोणी सोडा टाकला असता तर माझ्या आईनं पळीच फेकून मारली असती, कारण सोड्यानं जर्मन काळं पडतं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. पण मिस्टरांच्या घरी सासऱ्यांचा कायदा होता. पितळेच्या घामाचं खातो, घरात जर्मन येणार नाही. खरंच कधी आलं नाही. जुनं, काळं पितळ असलं की सोडा-राखेत उकळायचं आणि मग चिंचेनं घासायचं, हेच त्या घरात तीन पिढ्या चालत आलेलं. त्यांना जर्मन कुठून कळणार?

हे सगळं मला आता शांतपणे लिहिता येतंय. त्या वेळी मी काय बोलले ते ऐका.

"अवो, जन्मभर काय घासलं तुमी? एवढंबी समजत नाही? जर्मनले सोडा लावते का कोणी! काहीच येत नाही तं हात कायले लावता? मालकानं उगीच नाही बंद केला कारखाना!"

शेजारीण भिंतीवरून डोकावली, इतका माझा आवाज. मिस्टरांनी चिमटा खाली ठेवला, चूल विझवली, हात पुसले आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. दुपारचे तीन वाजले होते.

चार दिवस तसेच. मी लाखोळीच्या डाळीचे वडे तळले, ते यांचा जीव की प्राण. दोन खाल्ले आणि परत भिंत. चुकलं म्हणावं असं शंभरदा मनात आलं, पण आमच्या घरात तो शब्द कधी कोणी उच्चारलेलाच नाही, तोंडातून निघेना. दुसऱ्यांच्या घरी जाऊन नवऱ्यांना झापायचं, सुनांना समजावायचं, हे मी पस्तीस वर्षं केलं. स्वतःच्या घरात मात्र मी दगड. लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी पट्ट्या पिशवीत घातल्या आणि वरठीला गेले. तिथे रस्त्यावर डेंटिंग-पेंटिंगवाला आहे. स्टील प्लांटला जाणाऱ्यांच्या मोटारसायकली त्याच्याकडे रांगेत उभ्या असतात. त्यानं पट्ट्या पाहिल्या आणि हसायलाच लागला.

"मावशी, भंडाऱ्याच्या दिसता. सोड्यात उकळल्या नं? पितळेवाले सबके सब हेच करते. मांगं एकानं तं अख्खा मडगार्ड उकळून आणला होता."

मला इतका धीर आला! म्हणजे ही एकट्या माझ्या माणसाची अक्कल नव्हती, अख्ख्या गावाची होती. त्यानं सांगितलं, काळं फक्त वरवर आहे. साबणाच्या पाण्यात भिजवून पाणी-पेपरनं, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरनं, घासायचं. आधी जाडा, मग बारीक, मग एकदम बारीक. शेवटी मऊ फडक्यानं पॉलिशची पेस्ट. फडकं काळं होत जाईल, घाबरायचं नाही, घासत राहायचं.

घरी येऊन दाराकडे पाठ करून आंगणात बसले. गंज घासतात तसं गोल गोल घासायला लागले. काळं जात होतं, पण खाली नुसते ओरखडे, गोलच्या गोल. पाठ भरून आली. पासिंगला तीन दिवस राहिले होते. तास-दीड तासानं मागून खोकला ऐकू आला.

"गोल नोको घासू."

मी वळलेही नाही. "मंग कसं?"

"लांबीनं. एकाच बाजूनं."

"येत असन तं या इकडे. दुरून नोका सांगू."

हे बोलून जीभ चावली. परत तेच! पण मिस्टर आले. दारातली चप्पल घातली, माझ्या समोर उकिडवे बसले, पट्टी हातात घेतली, अंगठा फिरवला, उन्हाकडे धरून एक डोळा मिटून बघितली. आणि मग जे विचारलं ते विचारायला यांना किती जड गेलं असेल, ते मला कळलं.

"त्या वरठीवाल्यानं काय काय सांगतलं?"

मी सगळं सांगितलं. यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. जन्मभर कारखान्यातल्या पोरांना शिकवत आलेला माणूस.

तीन दिवस मिस्टर उजाडल्यापासून आंगणात. जर्मन पितळेपेक्षा मऊ, यांचा हात जड. पहिली पट्टी दाबानं वाकली. लाकडावर ठेवून, फडकं घालून, हलक्या हातानं ठोकून सरळ केली. मग हात हलका झाला. मी फडकी फाडून द्यायची, पाणी बदलायची. दुसऱ्या दिवशी पाणी बदलताना मी एकदाचं म्हटलं, "त्या दिवशी मी लय वाईट बोलली."

"हव," मिस्टर म्हणाले आणि घासत राहिले.

एवढंच. मला रडूच आलं, पण बादली घेऊन मी विहिरीकडे गेले. शेवटची पट्टी पेस्टनं पुसून झाली तेव्हा तिच्यात आमच्या घराची कौलं दिसत होती. "पितळेसारखी नाही," मिस्टर म्हणाले, "पण बरी हाय."

पासिंगच्या दिवशी यांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला आणि न विचारता मागच्या सीटवर बसले. दीड वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर. आरटीओत मी गाडी रांगेत लावली, हे गेटजवळच्या कडुनिंबाखाली उभे राहिले. आमचा नंबर आला. साहेब तरणा पोरगा, एका कानाला फोन. लाईट लाव, हॉर्न वाजव, ब्रेक दाब. चेसिसचा नंबर बघायला वाकला तेव्हा तोल सावरायला त्यानं बूट उचलून थेट पट्टीवर ठेवला. चिखलाचा बूट. फोटो काढला, सही केली, पुढची गाडी. दोन मिनिटं लागली नसतील.

मी गाडी ढकलत गेटाशी आले.

"झालं?"

"झालं."

"पट्ट्या पायल्या का त्यानं?"

"पायल्या नं!" मी म्हटलं. "हात फिरवून पायल्या. म्हणे, कोणी केल्या एवढ्या मस्त?"

मिस्टरांनी मग खिशातून रुमाल काढला, वाकले, आणि पट्टीवरचा बुटाचा चिखल पुसायला लागले. लांबीनं, एकाच बाजूनं.

"त्यानं बूट ठेवला," ते म्हणाले. "मी इथूनच पाहून राहिलो होतो."

मला तोंड वर करता येईना.

"तू पायल्या का?" यांनी विचारलं.

"पायल्या. सकाळी उठली का पयले त्याच पायते."

"मंग झालं नं. कायले खोटं बोलते?"

रुमाल झटकून त्यांनी खिशात घातला आणि मागे बसले. माझे डोळे भरून आले होते. पहिल्या दोन किका वाया गेल्या, तिसरीत गाडी सुरू झाली.