चूलबंद आवतण

पदर कमरेला करकचून खोचला, की समजावं, काकू आता कोणाच्या बापाचं ऐकणार नाहीत. मग म्हणायच्या, "होऊन होऊन काय होईन?" आणि गल्लीला जे करू नये असं वाटायचं, नेमकं तेच करायच्या.

अमरावतीत बडनेरा रोडला लागून आमची गल्ली. काकू घरोघरी पोळ्या करायच्या, आमच्याकडेही. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात, घरात सून. विधवा बाईनं कसं वागावं याचे नियम तुमच्या गल्लीत असतील तसे आमच्याही गल्लीत होते, आणि ते पाळले जातात की नाही हे बघायला आम्हाला वेळही भरपूर होता.

एक दिवस काकूंना यात्रेच्या बसवर स्वयंपाकाचं काम मिळालं. मुलगा दारात आडवा उभा राहिला. "लोक काय म्हनतीन?"

"लोकायच्या पोया मीच करतो. काय म्हनतात ते मले रोजच आयकू येते," म्हणत काकूंनी पिशवी उचलली.

मग एकामागून एक यात्रा. माझ्या फोनवर फोटो यायचे. समुद्रात गुडघाभर पाण्यात काकू, बर्फात स्वेटर घातलेल्या काकू, लहान पोरीसारख्या हसणाऱ्या. हे फोटो काढतं कोण, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. काढत होता बसचा ड्रायव्हर, अकोल्याचा विधुर.

मुलाला कळलं तेव्हा तो म्हणाला, "त्याच्यासंग गेली, तं मले माय नाही."

त्या दिवशी आमच्या ओट्यापाशी काकू लाटता लाटता थांबल्या. "मानूस चांगला हाये वो. मी थकली का पातेले तो घासते. माह्या जल्मात कोनी घासले नोते." आणि रडल्या. पोर आणि तो माणूस, दोघंही हवे होते त्यांना. थोड्या वेळानं त्यांनी डोळे पुसले, पदर खोचला आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या.

पुढच्या खेपेला काशीहून परतल्या आणि गल्लीत चूलबंद आवतण फिरलं. उद्या गंगापूजन, कोणाच्याच घरी चूल पेटायची नाही. लग्नाचं बोलावणं असतं तर कुत्रंही फिरकलं नसतं, पण गंगेच्या प्रसादाला नाही कोण म्हणणार? झाडून सगळे आले. अंगणात गोवऱ्यांच्या विस्तवावर एक टकला, उंच माणूस कणकेचे रोडगे भाजत होता. आम्हाला वाटलं, आचारी असेल.

पंगत बसली. रोडगे, वरण, वांग्याची भाजी. पहिला घास तोंडात गेला आणि काकू त्या माणसाशेजारी येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावरचा पदर मागे सारला. कपाळावर ठसठशीत कुंकू.

"हे माहे मालक. काशीतच लगन केलं. आता भरल्या पानावरून उठसान, तं उठा."

भरल्या पानावरून, तेही गंगेच्या प्रसादावरून! समोरच्या आजी, आमच्या गल्लीचं हायकोर्ट, त्यांनी घास कसाबसा गिळला. म्हणाल्या, "वांगे तिखट झाले वो."

"पानी प्या," काकू म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक रोडगा वाढला.

सगळे जेवले. मुलगा तेवढा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही. वाढता वाढता काकू त्या बंद दाराकडे बघत होत्या. मला त्या पोराचा फार राग आला, अजूनही येतो.

सकाळी दोघं अकोल्याला निघाले. रिक्षात सामान चढलं. मुलगा दारात पाठ फिरवून उभा. काकूंनी त्याला हाक मारली नाही.

तेवढ्यात सून ताट घेऊन बाहेर आली. तांदूळ, नारळ, खण. विधवेची म्हणून इतकी वर्षं कोणी भरली नव्हती, ती सासूची ओटी तिनं भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत भरली.

"जा आई. पोचल्या का फोन करजा."

"आत ये," मुलगा ओरडला.

ती गेली नाही. बडनेरा रोडला रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत रिकामं ताट घेऊन ती रस्त्यातच उभी होती.